गायकवाड काकांचं नवव्या भागाबद्दलचं मत

गायकवाड काका आज सकाळी गेले. त्यांच्या नावावर मी एकदा खोटं लिहिलं होतं.

खोटं म्हणणंही पुरतं खरं नाही. लिहिलेले शब्द त्यांचेच होते.
बाकीचे मी गाळले.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. रहाटणीच्या बाजूला पत्र्याच्या चाळीत आम्ही राहायचो, काका शेजारच्या खोलीत. मूळचे चऱ्होलीकडचे, शाळा चौथीपर्यंत, कामाला पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर.

चाळीच्या टोकाला एका खोलीत वाचनालय होतं. एक कपाट, एक बाक आणि सगळं सांभाळणारे शिंदे मास्तर.

तिथली एक पद्धत होती. प्रत्येक कादंबरीच्या शेवटी मास्तर कोरा कागद चिकटवायचे. वाचून झालं की त्यावर मत लिहायचं, खाली नाव आणि शिफ्ट. पुस्तक फर्स्टवाल्याकडून सेकंडवाल्याकडे जायचं, तिथून नाईटवाल्याकडे. आठवडाभर एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत, पण कागदावर भांडण जोरात.

"खुनी अर्ध्यातच कळतो. – जाधव, फर्स्ट."

त्याच्याखाली,
"जाधव भाऊ, तुम्ही शेवटचं पान आधी वाचता हे अख्ख्या चाळीला माहीत आहे. – मुलाणी, नाईट."

सगळ्यात जास्त मारामारी 'सातवा तट'वरून. जादूच्या किल्ल्याची मालिका होती ती. एक भाग संपला की पुढच्याची वाट बघायची.

कपाट एकच. त्यामुळे कुठली मालिका चालू ठेवायची आणि कुठली बंद करायची, हे मास्तर त्या कागदांवरून ठरवायचे. आणि कागद हातात आला की आधी विचारायचे, "गायकवाड काय म्हणतात?"

नववा भाग आला तेव्हा काकांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"शैले, तू लिव. मी सांगतो."

मी एफ.वाय.ला होते. किल्ले, भुयारं, चेटकिणी वाचणाऱ्या मोठ्या माणसांची मला तेव्हा कीव यायची. हे लिहिताना आज लाज वाटते, पण तसं होतं.

काका थांबत थांबत दोन-तीन मिनिटं बोलले.
मी दोन ओळी लिहिल्या.

"नववा भाग कच्चा आहे. लेखकाने घाई केली आहे. – गायकवाड, सेकंड."

"झालं?"
"झालं, काका."
"एवढ्यात?"
"मुद्द्याचं घेतलं."

'मुद्द्याचं' हा माझा शब्द. अजून टोचतो.

पुस्तक मीच नेऊन दिलं. रविवारी मास्तरांनी सगळ्यांसमोर मतं वाचली. काका बाकावर बसलेले. स्वतःचं मत ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मास्तर म्हणाले, "गायकवाडच असं म्हणतात म्हटल्यावर विषय संपला."

मालिका बंद झाली.

मुलाणी चाचा दिसेल तिथे टोकायचे, "काय राव गायकवाड, चालता किल्ला पाडलात आमचा!" काका नुसते हसायचे.

पुढे प्लास्टर निघालं. हात बरा झाला.
पण त्यानंतर काकांनी एकाही पुस्तकावर मत लिहिलं नाही. पुस्तकं वाचायचे, कागद कोरा सोडून पुढच्याला द्यायचे.

"लिवताना हात दुखतो," म्हणायचे.
प्रेसवर तोच हात आठ तास चालायचा. वर ओव्हरटाइम.

मी पुढे शिकले, नोकरीला लागले, चिंचवडला राहायला गेले. 'सातवा तट'चा दहावा भाग जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधत राहिले. मिळाला नाही. मिळाला असता तर काकांच्या हातात देऊन मोकळी झाले असते, आणि खरं कधीच सांगितलं नसतं. हेही मला माहीत आहे.

चार वर्षांपूर्वी शेवटी त्यांच्याकडे जाऊन बोलले. "काका, नवव्या भागाचं मत मी अर्धंच लिहिलं होतं."

"ठाव हाय की."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलू? कालेजात शिकणारी पोर तू. मला वाटलं, माझ्या बोलण्यात लिवण्याजोगं तेवढंच असंल."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे गं." आणि आत बघून काकूंना चहा टाकायला सांगितलं.

मला ओरडले असते तर बरं झालं असतं. माफ केलं की नुसता विषय बदलला, मला अजून कळलेलं नाही. ही पोस्टसुद्धा त्यांच्यासाठी आहे की माझा जीव हलका व्हावा म्हणून, खात्री नाही. सकाळपासून दोनदा लिहून खोडली.

एक गोष्ट त्यांनाही सांगितली नव्हती. त्या दिवशी त्यांचं सगळं बोलणं मी घरी येऊन डायरीत उतरवलं होतं, शब्दन् शब्द. कॉलेजात मैत्रिणींना वाचून दाखवून हसवायला.
आणि हसवलंही.

ती वही आज काढली. त्यांचं मत खाली देते आहे. काहीही गाळलेलं नाही.

"नववा भाग कच्चा हाय. भुयाराची पानं लेखकानं घाईत उरकल्यात. पर त्यो आंधळा पहारेकरी बघा. नुसत्या पावलांवरनं वळखतो कोण आलं ते. आमच्या शॉपमधी बी मशीनच्या आवाजावरनं कळतं आज कोण चालवतोय. म्हंजी लेखकाला कामाची मानसं ठाव हायेत. अन् ती राणी पहारेकऱ्याला नावानं हाक मारती, ते मी दोनदा वाचलं. आमाला कंपनीत टोकन नंबरानं बोलवत्यात. पुढचा भाग पायजेच. एका शिफ्टला माल खराब निघाला म्हनून मानसाला कुनी घरी बसवतं व्हय? – गायकवाड, सेकंड."

तुमचंच बरोबर होतं, काका.

जय भीम.