न चाखता वाढलेला रस्सा

आमच्या घरात स्वयंपाक चाखून बघायची पद्धत नाही. आमटी असो की कोंबडीचा रस्सा, डावातले दोन थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावलेलं माझ्या वडिलांना खपत नाही. ही पद्धत नैवेद्यावरून आली. देवाला दाखवायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही, हे सगळं गाव पाळतं. पण रोजच्या जेवणालाही तोच नियम लावणारं घर आमचं एकटंच. मग मीठ कळायचं कसं? बाबांच्या नाकाने. गावच्या मारुतीच्या भंडाऱ्याला तीस वर्षं तेच टोपापाशी उभे राहिले. झाकण काढायचं, हाताने वाफ आपल्याकडे ओढायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, अजून दोन मुठी टाका. मिठाला वास नसतो असं मला शाळेत शिकवलं. ते घरी येऊन मी मोठ्या ऐटीत सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले की वास मिठाचा येत नाही, मीठ कमी पडलं की डाळीचा वास कच्चा येतो.  आजही मला वाटतं की ते खरं होतं. निदान तेव्हा तरी.

हे आधी सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही. जे झालं ते रामेनच्या एका खोक्यामुळे झालं, आणि ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, की अहो, कोणी साधं चाखूनही कसं बघितलं नाही?

माझी मुलगी तेव्हा कर्जतला अकरावीला होती. फोनवर ती जपानी मालिका बघायची आणि त्यात जो तो उठसूट वाडग्यात तोंड घालून रामेन ओरपायचा. शेवयांसारख्या जाड नूडल्स, भरपूर रस्सा, वर अर्धं कापलेलं अंडं. वर्षभर तिने माझं डोकं खाल्लं. मुंबईतल्या एका रेस्टॉरंटने घरी करायचं खोकं काढलं होतं. रस्सा त्यांनीच शिजवून गोठवलेला असतो. आपण तो गरम करायचा, नूडल्स उकळायच्या आणि वाडग्यात रचायचं. मार्चमध्ये तिच्या वाढदिवसाला मी ते मागवलं. बायको म्हणाली, एवढ्यात दोन गावठी कोंबडे आले असते. मी म्हटलं, कोंबड्याबरोबर फोटो कोण काढतं?

आमच्या गावात असल्या गोष्टी आणून देत नाहीत. चौकला नाक्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे ठेवून जातात. शनिवारी सकाळी दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी रसायनीला पाळीवर होतो. संध्याकाळी घेऊन जातो म्हणालो. माझ्या जागेवर येणारा माणूस आलाच नाही, दुसरी पाळीही मलाच ओढावी लागली, आणि खोकं दिवसरात्र पत्र्याच्या दुकानात उकडत पडलं. ही चूक माझी. ती मी आधीच कबूल करतो, म्हणजे बाकीच्यांबद्दल बोलायला मोकळा.

नोकरीबद्दलही इथेच सांगतो. कंपनी रंगाचा कच्चा माल बनवते. आधी तिथे बाबा होते, आणि निवृत्तीच्या आधी त्यांनी वशिला लावून मला चिकटवून घेतलं. पहिल्या दिवशी प्लांटच्या दारातच तो वास नाकात असा घुसला, की मी भिंतीला धरून ओकलो. संध्याकाळी मी बाबांना म्हणालो, हा वास सहन होणार नाही, मी दुसरीकडे बघतो. ते भाकरी कुस्करत होते. मान वर न करता म्हणाले, "कसला वास? काय नाय येत." मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं हा माणूस तिथे उभा राहिला आणि मी एका दिवसात बायकांसारखा पदर नाकाला लावतोय, असं मनाशी म्हणालो. दुसऱ्या दिवशी गेलो. महिन्याभरात सवय झाली. आपण कणखर झालो असं मला वाटलं.

तर रविवारी सकाळी खोकं घरी आलं. आतल्या बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालं होतं. रश्शाची पिशवी मात्र गच्च फुगलेली, आणि आतला रस्सा पायाच्या रश्शासारखा थलथलत होता. बायकोने कात्रीने कोपरा कापला आणि तोंड मागे घेतलं. म्हणाली, आंबूस येतोय. मुलगी वैतागली. जपानी लोक सगळं आंबवूनच खातात, तुला काही माहीत नाही, असं तिने आईला सुनावलं. बायकोने पिशवी माझ्याकडे दिली. मी नाकाजवळ नेली. गार होती, एवढंच. मी म्हणालो, मला तर काही वाटत नाही, बाबांना विचारा.

रस्सा तापत आला तसे बाबा आत आले. शेगडीपाशी तसेच उभे राहिले, भंडाऱ्याच्या टोपापाशी राहायचे तसे. हाताने वाफ ओढली, डोळे मिटले. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. "झकास हाय," ते म्हणाले. "मीठ बराबर हाय. वाढ गं."

झालं.  बायकोने दोन घास खाऊन वाडगा सरकवला. मी संपवला, बाबांनी संपवला. मुलीने फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले, तळाचा रस्साही पिऊन टाकला आणि आईचा वाडगाही ओढून घेतला.

संध्याकाळ व्हायच्या आत ती उलट्यांनी लोळागोळा झाली. माझं आणि बाबांचंही पोट बिघडलं, पण तिची गत भयंकर होती. डोळे आत गेले, हातापायात गोळे आले. खोपोलीला दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं. अकरावीचे दोन पेपर बुडाले. डॉक्टर तरुण होत्या, आमच्या अंगावर ओरडल्या नाहीत. रस्सा खराब झाल्याचा वास कोणालाच कसा आला नाही, एवढंच त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, मला आला होता, पण आमच्याकडे बाबा ठरवतात. हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी मुलीला घरी आणून निजवलं आणि मी बाबांसमोर बसलो.  मी त्यांचाच गमछा घेऊन त्यांचे डोळे बांधले. त्यांनी मला अडवलं नाही. मी फडताळातून एक डबा आणला, झाकण काढलं आणि त्यांच्या नाकाखाली धरला. कसला वास येतो, सांगा. ते थांबले. झाकणाचा आवाज त्यांनी ऐकला असणार. तो डबा उघडताना करकरतो, घरात सगळ्यांना माहीत आहे. "सुकट," ते म्हणाले.

मी गमछा सोडला आणि डबा त्यांच्या मांडीवर पालथा केला. त्यातून काही पडलं नाही. बायकोने तो कालच घासून पालथा घातला होता. दारातून ती म्हणाली, पुरे आता. मला पुरे झालं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं असं हसं करताना मला बरं वाटत होतं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

मग त्यांनी सांगितलं. मी बारावीला असताना प्लांटमध्ये एक नळी फुटली होती. पंधरा दिवस नाकातून रक्त येत होतं, ते थांबलं, पण वास गेला तो गेला. साहेबाला सांगितलं असतं तर अनफिट करून घरी बसवलं असतं, आणि माझं शिक्षण तिथेच संपलं असतं. माझ्या आईलाही सांगितलं नाही. ती मरेपर्यंत त्यांच्या नाकावर विसंबून रांधत राहिली. जिभेला खारट कळतं, आंबट कळतं, बाकी सगळा भुसा. मग भंडाऱ्याचं काय, मी विचारलं. म्हणाले, टोप केवढा, पाणी किती, डाळ किती, ते बघून मापाने सांगत होतो. आणि वाफ कशाला ओढायची? तर म्हणे, लोक बघत असतात.

तीस वर्षांतली निम्म्याहून जास्त वर्षं नाटकात गेली. गावाने ज्या नाकाला मान दिला ते नाक नव्हतंच. गेल्या काही भंडाऱ्यांना डाळ बिघडली तेव्हा लोकांनी किराणावाल्याला शिव्या घातल्या होत्या, आणि बाबांनी त्यात सूर मिसळला होता. रामेनचा रस्सा आंबट लागला होता का, मी विचारलं. लागला होता, पण जपानी आहे म्हटलं, असं ते म्हणाले.

आणि मग मला ती संध्याकाळ आठवली, भाकरी कुस्करणारे ते हात आठवले. मी म्हणालो, "पहिल्या दिवशी मी ओकून आलो होतो. तेव्हा मला काय सांगितलंत तुमी?"

त्यांनी मांडीवरचा डबा सरळ करून बाजूला ठेवला.

"तवा मला खरंच येत नवता रं," ते म्हणाले.

 खोटं बोललात म्हणून भांडायची सोयसुद्धा त्यांनी ठेवली नव्हती.

महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. चैत्रात भंडारा आला. मंडळाची माणसं बोलवायला आली तेव्हा त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं, आणि आत चहा करणाऱ्या माझ्या बायकोने तोंडातून ब्र काढला नाही. नव्या पोराने डाळ केली. त्याने सरळ एक वाटी नैवेद्याला आधी बाजूला काढली आणि उरलेली चाखून बघितली. डाळ चांगली झाली होती. देव कोपला नाही.

दरम्यान मुलीने त्या रेस्टॉरंटला लिहिलं होतं. त्यांनी कळवलं की खोकं वेळेत पोचलं होतं, उशिरा उचललं ही आमची चूक नाही. पण तुम्ही आजारी पडलात याचं वाईट वाटतं, म्हणून दुसरं पाठवतो. एप्रिलअखेर ते आलं. या वेळी मी सुट्टी टाकून चौकला थांबलो आणि टेंपोतून थेट हातात घेतलं. खोकं बर्फाने कडक होतं.

दुपारी बायकोने रस्सा तापत ठेवला. तिला दोन दिवस सर्दी होती, नाक चोंदलेलं. मुलगी उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. आधी कोणीतरी धड माणसाने वास घ्या, मग मी येते, असं ती तिच्या आबांना, म्हणजे माझ्या बाबांना, ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. बाबा पाटावर खाली मान घालून बसले होते. बायको मला म्हणाली, आता हे काम तुमचं.

मी पुढे झालो. झाकण काढलं. सवय कुठून येते बघा, मीही हाताने वाफ आपल्याकडे ओढली. तोंडाला ऊब लागली, चष्मा धुरकटला, नाकाचा शेंडा ओला झाला. मी वाट बघत राहिलो. कोंबडी, लसूण, आलं, करपट, आंबूस, काहीतरी. पुन्हा ओढली. गरम पाण्यावर वाकावं तसा मी वाकलो होतो. खोक्यातलं काळं लसणाचं तेल उघडं होतं, त्याची वाटी हळूच नाकाशी नेली. तेल चकाकत होतं. मार्चमधली ती गार पिशवी मला आठवली. तेव्हाही काही आलं नव्हतं.

मागे मुलगी वाट बघत होती. झकास आहे, हे शब्द माझ्या ओठावर आले होते. इतके सहज आले की मीच घाबरलो. मी मान वळवली, तर बाबा माझ्याकडे बघत होते. त्या घरात फक्त त्यांनाच कळलं.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. शेगडीजवळचा डाव घेतला, रश्शात बुडवला, तळहातावर ओतून घेतला, पोळला तरी हात मागे घेतला नाही, आणि आम्हा सगळ्यांसमोर जिभेने चाटला. जन्मात पहिल्यांदा. बायकोने तोंडावर हात ठेवला.

"आंबट नाय," ते म्हणाले. "ये गं, खा. आबा सांगतोय."

मुलगी आली, पण आधी आईने दोन घोट घेतल्यावरच. आम्ही सगळ्यांनी खाल्लं. नूडल्स मऊ होत्या, रस्सा खारट होता. चांगलं झालंय ना, बायकोने विचारलं, आणि मी हो म्हणालो.

टोप घासायला मी मोरीवर गेलो तेव्हा बाबा मागून आले. "कदीपासनं?" त्यांनी हळू विचारलं. मी नळ मोठा सोडला. मग म्हणालो, हिला सांगू नका, मुलीची बारावी आहे. ते मान हलवून गेले.

पुढच्या आठवड्यात कंपनीची तपासणी आहे. डोळे बघतात, छाती बघतात, रक्त घेतात. नाकाचं आजवर कोणी विचारलेलं नाही. विचारलंच, तर काय सांगायचं ते मला घरातच शिकवलेलं आहे.