साडूभाऊंचा आधीचा खेळ

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लोक बोलावतात तेच मुळी काहीतरी बिघडल्यावर. त्यामुळे लिफ्टच्या टपावर उकिडवं बसून कुठे घासतंय, कुठे वाजतंय हे टिपायची त्याच्या कानांना आयुष्यभराची सवय लागली होती. कामावर या सवयीचा पगार मिळायचा. सिनेमाला गेला की तेच काम तो फुकटात करायचा.

सिनेमा म्हणजे तरी एकच. अवकाशात वाट चुकलेलं एक यान, त्याचा लंगडा कप्तान आणि सतत शंका काढणारा यंत्रमानव. शाळेत असताना त्याने पहिला भाग पाहिला. पुढचे भाग येत गेले तसा तो त्या यानातच राहायला गेला, आमच्याकडे फक्त जेवायला येतो, असं त्याची बायको सांगायची. सोबतीला मात्र कायम एकच माणूस: त्याचा साडू, धाकट्या मेहुणीचा नवरा. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा, अबोल. दोघेही एकमेकांना साडूभाऊ म्हणायचे. पडदा उजळला की हा बोलायला लागायचा आणि साडूभाऊ शांतपणे ऐकून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात साडूभाऊ गेले. दुकानातच, भर दुपारी. आणि आता तीच गोष्ट नव्या नटांना घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असल्याची जाहिरात लागली. कप्तान म्हणून एक पोरगेलेशी मुलगी. यंत्रमानव विनोद करणारा. हा नुसती जाहिरात बघूनच तापला होता. जुन्याला हात लावायची यांची लायकी आहे का, हे तो आठवडाभर बायकोला ऐकवत होता. तेवढ्यात मेहुणीचा फोन आला. तिला तो सिनेमा बघायचा होता. नवा सिनेमा येणार हे कळल्यापासून आमचे हे त्याची फार वाट बघत होते, एवढंच ती म्हणाली.

निघताना बायकोने बजावलं, आज तेवढं तोंडाला कुलूप लावा. त्याने मान हलवली आणि मनात धरलंही होतं.

कुलूप टिकलं पहिल्या दरवाज्यापर्यंत. नव्या यानाचा तो भला मोठा दरवाजा जराही आवाज न करता सरकला आणि याला राहवेना. एवढं वजन असं सरकेल का, रूळ तरी वाजेल, मोटर तरी गुरगुरेल, असं तो मेहुणीच्या कानाशी म्हणाला. ती "हं" म्हणाली. ते "हं" इतकं साडूभाऊंसारखं होतं की पुढे याची गाडी उतारालाच लागली. यंत्रमानव पोरकट झालाय, कप्तानाचं लंगडणं काढून टाकलं, म्हणजे गोष्टीचा कणाच काढला. पुढच्या रांगेतल्या बाई दोनदा मागे वळल्या. त्याला वाटलं, बाईंनाही पटतंय.

शेवटी बंद पडत चाललेल्या यानात त्या मुलीने जुना रेडिओ लावला, आणि सगळ्यांनी मेला म्हणून सोडलेल्या म्हाताऱ्या इंजिनियरचा आवाज आला. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पडले ते याचे शब्द: इतक्या लांबून उत्तर यायला काही मिनिटं लागतील, हा लगेच कसा बोलला? मग दिवे लागले. आजूबाजूची माणसं डोळे पुसत उठत होती.

समोरच्या हॉटेलात चहा आल्यावर मेहुणीने विचारलं, "भाऊजी, तो म्हातारा शेवटी काय म्हणाला?"

त्याला माहीत नव्हतं. तेव्हा हा बोलत होता.

ती हसली. चेष्टेने नाही, दमल्यासारखी. बशीतला सांडलेला चहा तिने कपात परत ओतला. "म्हणूनच हे आधी एकटे बघून यायचे."

"कोण?"

"हे. प्रत्येक भाग. दुकानातून लवकर सुटायचे आणि पहिला खेळ एकटे बघायचे. मग रविवारी तुमच्याबरोबर."

त्याला हसू येणार होतं, पण मध्येच काहीतरी आठवलं. सिनेमात दचकायची जागा आली की साडूभाऊ क्षणभर आधीच त्याचा हात दाबायचे. साडूभाऊंना आधीच वास लागतो, असं तो लोकांना कौतुकाने सांगायचा. त्याचे कान तापले. सगळी वर्षं तो माणूस पाहिलेला सिनेमा पाहिलाच नाही असं तोंड करून शेजारी बसला होता.

"मला का नाही बोलला कधी?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं." तिने सरळ सांगितलं. "आणि तुमच्याबरोबर यायला त्यांना आवडायचं हो. सिनेमा आधीच बघून झालेला असायचा, मग तुमचं ऐकायला मोकळे."

ती चिडली असती तर त्याला काहीतरी म्हणता आलं असतं. साडूभाऊंना कुठला भाग सगळ्यात आवडायचा, हेही त्याला ठाऊक नव्हतं. विचारायची वेळच त्याने कधी येऊ दिली नव्हती.

"त्यांना आजचा आवडला असता का?" ती म्हणाली. "मला तेवढंच बघायचं होतं."

तो खाली मान घालून टेबलावरचं साखरेचं दाणेदार वर्तुळ बोटाने पुसत राहिला. मग म्हणाला, "त्या रेडिओपाशी रडला असता. आणि मी शेजारी नसतो तर मोकळेपणी रडला असता."

मेहुणीने पदराने डोळे टिपले. मग ती घड्याळाकडे बघून उठली, रस्ता ओलांडून थिएटरच्या तिकीट खिडकीपाशी गेली. आपणही येऊ का, असं विचारायला त्याला तोंड नव्हतं. हॉटेलच्या दारात उभं राहून त्याने तिला एक बोट वर करताना पाहिलं.

परत येऊन ती म्हणाली, "तुम्ही घरी जा, ताई वाट बघत असेल. म्हातारा काय म्हणाला ते रविवारी सांगते."

"रागावलीस?"

"छे हो," ती म्हणाली. "आता माझा नीट बघून होईल."