काठ कापलेले टॉवेल

लालबीला अक्कम्माचं चांगलं झालेलं बघवत नसे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत दोघींचे गाळे शेजारीशेजारी, आणि माझं चहाचं दुकान समोर, म्हणून मला सगळं दिसतं. पूर्वी दोघी एकाच कारखान्यात टॉवेलांची शिलाई करायच्या, एका डब्यात जेवायच्या. मग दोघींनी आपापले माग टाकले. लालबीचे टॉवेल गावातच, सात रस्ता चौकातल्या रावजींच्या दुकानापर्यंत गेले, अक्कम्माचे थेट दुबईला. तेव्हापासून डबे वेगळे झाले.

"सोनं विणतीया का ती?" लालबी मला विचारायची. मी तिचा चहा ओतायचो.

पुढं अमेरिकेत कायदा झाला. परदेशी अतिरेकी गटांना जो पैसा पुरवील त्याच्यावर निर्बंध, आणि त्याच्याशी व्यवहार करील त्याच्यावरही. अक्कम्माचं दुबईचं गिऱ्हाईक नेमकं त्यात सापडलं. बँकेनं बजावलं, त्याला माल द्यायचा नाही, त्याचा पैसा घ्यायचा नाही. टॉवेल विणणाऱ्या बाईला हे कुठून ठाऊक असणार? पण माल तयार होता, आणि प्रत्येक टॉवेलच्या काठात त्या कंपनीचं नाव विणलेलं. छापलेलं असतं तर निदान धुतल्यावर गेलं असतं. त्या मालाला कुणी हात लावेना. कामगारांचा पगार थकला, आता माग विकायचीच पाळी.

लालबीनं त्या दिवशी मला स्वतःहून भजी खाऊ घातली. मग शेजारी गेली.

"अक्के, समदा माल मी घेते. भंगाराच्या भावात दे."

"घे. पगार भागला की झालं. पन ते नाव बाजारात जाऊ दिऊ नको."

"काठ कापून टाकते की. शिलाई इसरले न्हाय मी."

कापून, दुमडून, शिवून तिनं सगळा माल काढला. एकदा चहा द्यायला गेलो तर टॉवेल गालाला लावून बसली होती. मला बघताच खाली टाकला. जळत होती बाई, नुसती जळत होती.

माल रावजींकडं गेला आणि हातोहात खपला. त्यांनी पुन्हा मागितला, तेव्हा लालबीनं स्वतःचे टॉवेल धाडले. ते परत आले.

एका दुपारी रावजी स्वतःच स्कूटरवर आले. लालबी ओढणी सावरत फाटकापाशी गेली.

"धुतल्यावर फरक कळतोय गिऱ्हाइकाला," रावजी म्हणाले. "ते पैले टॉवेल अक्कम्माबाईंचे, असं तुमचाच मागवाला म्हणाला. कुटला गाळा?"

शेजारचे माग धडधडत होते. लालबीनं शेजारी बोट केलं. स्कूटर पुढं गेली, तशी ती माझ्या बाकड्यावर येऊन बसली.

"शिवानंद," ती म्हणाली, "दुबई बंद झाली तवा ती संपली हुती. सात रस्त्याला मीच नेऊन पोचवली की तिला."