तौकीरच्या जागी माझी सही

सियालकोटात चेंडू शिवण्यात माझा जन्म गेला. टाका सैल पडला तर आख्खा चेंडू उसवायचा, अशी माझी खोड. एकदाच नाही उसवला, त्याची गोष्ट.

तौकीर मीर आमच्याच गल्लीतला. कारखान्यातले नापास चेंडू मीच त्याला द्यायचो. पोरगा पाकिस्तानकडून खेळला, तेव्हा लोक मलाही मिठ्या मारत होते. मग परदेशातल्या एका सामन्यात त्यानं ठरवून टाकलेले तीन नो-बॉल उघडे पडले. तौकीर जन्माचा बाद झाला. चौदा वर्षं झाली, अजून त्याच्या दुकानावरून जाताना टवाळ ओरडतात, "मामू, पाय मागं!"

परवा त्याच्या भाचीचा, शुमैलाचा निकाह होता. बाप नाही तिला, तौकीरनंच वाढवली. "साक्षीदार माझे मामूच," तिनं आधीच बजावलं होतं. काजीसाहेबांनी कागद पुढं केला, तौकीरनं पेन उघडलं, तेवढ्यात नवऱ्या मुलाचे काका, हाजीसाहेब, खाकरले.

"ज्याची जबान सगळ्या दुनियेनं खोटी ठरवली, त्याची साक्ष? आमच्याकडे नाही चालायचं, काजीसाहेब. हे इशाकभाई बसलेत की! चाळीस वर्षांत एक टाका वाकडा नाही."

मला बोलायचं होतं, अल्लाशपथ! त्या सामन्याच्या आदल्या दिवशी तौकीरनं मला फोन केला होता. "इशाकभाई, दोस्त नो-बॉल टाकायची गळ घालतायत. काय करू?" आणि मी शहाणा म्हणालो होतो, "अरे, एक पाऊल पुढं पडलं तर कुणाचं काय जातंय? टाक की!" चौकशीत त्याला खोदखोदून विचारलं, पण माझं नाव त्यानं घेतलं नाही.

तौकीरनं पेन माझ्यापुढं धरलं. "करा, इशाकभाई. पोरीचा निकाह खोळंबलाय."

मी सही केली. थू माझ्या जिंदगीवर!

आत शुमैला रडत होती. सासरी जायचंय ना, बायका म्हणाल्या. तौकीर खारकांचं ताट घेऊन आला, दोन माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "मुबारक." माझी मान वर होईना.

हाजीसाहेबांनी शेजाऱ्याला कोपर मारलं. "बघा, इमानदार माणूस! कौतुक केलं तरी लाजतोय."