रोवण्याच्या रांगेत निघालेला विषय

मैत्रिणींनो, नखातला चिखलही निघाला नाही अजून, पण लिहून राहिली.

आज दिघोरीत आमच्या शेतात, बांधीतल्या चिखलात धानाची रोपं लावायचा रोवणा होता. रोवता रोवता कोणीतरी मोबाइलवरची बातमी काढली, दोन पोरींनी लग्न केल्याची.

शेजारची शेवंताबाई म्हणाली, "आमच्या सत्संगात याले मागच्या जन्माचा भोग म्हणतेत."

आमच्या बुद्धविहारातली विशाखाबाई उसळलीच. "भोग-बिग काही नसते. हे शील मोडणं होय!"

मंग दोघीही मलेच विचारतेत, "तू काय म्हणते वो?"

मी वाकलेलीच राहिली. रोवताना सगळ्यांची तोंडं चिखलाकडे असतात, म्हणून माझं तोंड कोणाले दिसलं नाही.

माझी पोरगी नागपूरले नोकरीत आहे. दिवाळीत तिनं भोग, शील असला एकही शब्द वापरला नव्हता. "आई, मले पोरीच आवडतात," एवढंच म्हणाली आणि माझा हात धरून बसली.

उद्या ती सुट्टी काढून उरलेल्या रोवण्याले येऊन राहिली. याच दोघींच्या मधात वाकणार.

त्यांनी पुन्हा विचारलं, तर ती मान वर करून माझ्याकडेच पाहील. तेव्हा मी काय म्हणू? सकाळच्या आत सांगा.