कॅल्शियमची बाटली

सोमवारपासून लेकीचा हात थरथरत होता, आणि आईच्या डोळ्यांपुढून तो हात काही हलत नव्हता. चष्म्यांच्या दुकानात काडीचा तिळाएवढा स्क्रू एका झटक्यात बसवणारी पोरगी, तिला चहाचा कप धरवेना. तीन दिवस जुलाब होतायत, अशक्तपणा असणार, अशी आईने स्वतःची समजूत घातली.

आज दुपारी दुकानात लेकीची जीभ जड झाली, पाय लटपटले. मालकांनी तिला थेट इस्पितळात नेलं आणि आईला बोलावून घेतलं.

"रोजची काही औषधं?" तातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आईच्या आधी मालकच बोलले. "कॅल्शियम घेते. जेवण झालं की एक गोळी. आम्ही चिडवतो, म्हातारे, हाडं सांभाळ."

"हो, कॅल्शियमच," आई म्हणाली.

ती गोळी लिथियमची होती. मनाचा तोल सांभाळणारी, आठ वर्षं चालू. बोभाटा नको म्हणून आईच ती कॅल्शियमच्या बाटलीत भरायची. लेकीला त्याचं काही नव्हतं. "माझा एक स्क्रू ढिला आहे गं, म्हणून तर दुसऱ्यांचे घट्ट करते," ती हसून म्हणायची, आणि आई उठून खिडकी लावायची.

कपडे न्यायला आई घरी आली. चादरींखाली दडवलेली फाइल तिने काढली. पहिल्याच पानावर मनाच्या डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलं होतं: जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी थांबवा, लगेच रक्तातलं प्रमाण तपासा. अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. हात थरथरले, बोलणं अडखळलं, झोक गेला तर विषबाधा समजा.

कंबर दुखते म्हणाली तेव्हा अंगदुखीची गोळी आईनेच दिली होती. एकदा नाही, रोज दोनदा.

तिकडे मेंदूचा फोटो काढायचं चाललं होतं. लिथियम रक्तात साठतंय, हे त्यांना कोण सांगणार? ज्या बाईला विचारायचं ती तर तोंडावर खोटं बोलून आली होती.

पलंगाशी फोन होता तो मालकांकडेच. उद्या दुकानभर होईल, नोकरीचं काय, हे मनात आलंच. लेक तिथे तशी पडलेली असताना आपल्याला हे सुचतं, या लाजेने तिचे कान तापले.

डॉक्टरांना फोन द्या, एवढंच म्हणावं का? पण धावत जाऊन त्यांना शोधायचं तर कशासाठी, हे मालकांना कळायलाच हवं होतं.

तिने मालकांचा नंबर लावला.