पोत्यातले शंभर दाणे

माझ्या तोंडून एकदा 'नाही' निघालं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याचं 'हो' होत नाही, असं घरचे म्हणतात. खरं आहे. आणि बहुतेक वेळा मी बरोबरच असते.

लातूरच्या एका दालमिलला वजनकाट्यासाठी नवा प्रोग्रॅम हवा होता. काट्यावरचा कॉम्प्युटर जुना. मोठा प्रोग्रॅम बसवण्याआधी मी मशीनची परीक्षा घेते. चार ओळींचा छोटा प्रोग्रॅम तिथेच तयार करायचा आणि चालवून बघायचा. छोटा तयार झाला, पण चालला नाही. मी मालकांना ठणकावून सांगितलं, "हे मशीन भंगारात काढा."

मालक म्हणाले, "नवं घेतलं तर ऑफिसातच बसवू. मग काट्यावर वेगळा माणूस कशाला?"

काट्यावर बसणारे चाचा दारातच उभे होते. त्यांचे केस त्या खोलीत पिकले होते.

घरी निलंग्याला आले तर तिथे वेगळाच तमाशा. पेरणीआधी आई सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण बघते. या वेळी एकालाही मोड नव्हता, आणि वडील बियाण्याच्या नावाने शंख करत होते.

"बियाला कशाला नावं ठिवता?" आई म्हणाली. "शेजारणीकडं ज्ये बी चांगलं उगवलं, त्यातलंच मी ह्याच पोत्यात घालून बघितलं. त्ये बी उगवलं न्हाई. पोत्यावर तण मारायचं औषध सांडलंय."

माझा चहा तसाच राहिला. सकाळच्या पहिल्या एसटीने लातूर गाठलं. कुठल्याही मशीनवर हमखास चालतो असा एका ओळीचा प्रोग्रॅम, आधीचा छोटा प्रोग्रॅम होता त्याच फोल्डरमध्ये टाकला. तोही चालेना! मग डोक्यात उजेड पडला. व्हायरस शिरू नये म्हणून या फोल्डरमधलं काहीच चालू द्यायचं नाही, असं कुलूप काम सुरू करण्याआधी मीच घालून ठेवलं होतं. फोल्डर बदललं आणि दोन्ही प्रोग्रॅम चालले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मशीन ठणठणीत आहे, चूक माझी होती," मी मालकांना सांगितलं. ते हसून म्हणाले, मग राहू द्या जुनंच.

चाचांनी काट्याच्या खोलीच्या चाव्या मालकांच्या टेबलावर आधीच आणून ठेवल्या होत्या. डबाही पिशवीत भरलेला. मी चाव्या उचलून चाचांच्या हातावर ठेवल्या.

"आता नीट बघितलं ना, मॅडम?" त्यांनी विचारलं.

'हो' म्हणण्याआधी मी त्यांना शेजारी बसवून प्रोग्रॅम पुन्हा एकदा चालवून दाखवला.